मानसोपचारात प्रगतीची नोंद: प्रश्नावली वापरू पाहणाऱ्या नवोदित समुपदेशकांसाठी

‘कसं वाटतंय आता?’ असे विचारले की आपल्याकडचा बहुतेक क्लायंट ‘बरं आहे’ असे म्हणतो. हे ‘बरं’ फार लवचीक आहे. ताप उतरलेला माणूस बरा असतो, पुढे काही विचारू नका असे सुचवायचे असले तरी ‘बरं आहे’ म्हटले जाते, आणि समोर बसलेल्या मॅडमना वाईट वाटू नये म्हणूनही तेच उत्तर दिले जाते. मानसोपचाराचे काम नव्याने सुरू केलेल्या व्यक्तीने या एका शब्दावरून उपचार योग्य दिशेने चालला आहे की नाही हे ठरवायचे म्हटले, तर तिची फसगत होण्याचीच शक्यता अधिक. ही फसगत कमी व्हावी म्हणून प्रत्येक सेशनमध्ये एक-दोन मिनिटांची प्रश्नावली कशी वापरावी, तिच्यातून आलेला आकडा कसा वाचावा आणि मुख्य म्हणजे त्या आकड्याविषयी क्लायंटशी बोलावे कसे, हे मी येथे पायरीपायरीने मांडते आहे. पुण्यात काम करताना जे अनुभवाला आले त्याच्या आधारे हे लिहिले असल्यामुळे उदाहरणे इथलीच आहेत. ती रचलेली आहेत, कोणा एका व्यक्तीची नाहीत.

आपल्याला क्लायंटची स्थिती न विचारताही कळते, असे आपल्या क्षेत्रात अनेकांना वाटते. अमेरिकेत मानसोपचाराचे संशोधक मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, कोणाची प्रकृती उपचाराअखेर बिघडलेली असेल याचा अंदाज थेरपिस्टांना वर्तवायला सांगितला होता. ५५० क्लायंटांपैकी ४० जणांची स्थिती प्रत्यक्षात बिघडली. थेरपिस्टांनी तसा अंदाज केवळ ३ जणांबाबत केला आणि त्यातला एकच खरा ठरला. यात निष्काळजीपणापेक्षा आशेचा भाग जास्त असावा, असे मला वाटते. ज्याच्यासोबत आपण आठवड्यामागून आठवडे बसतो, तो खालावत चालला आहे हे मान्य करणे कोणालाही जड जाते. म्हणून ते दाखवणारे काहीतरी आपल्या मनाबाहेर, कागदावर असावे लागते.

त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की प्रश्नावली म्हणजे जादूची कांडी नव्हे. सर्वसामान्य मानसिक विकारांच्या उपचारात अशा प्रश्नावल्यांचा नियमित वापर केल्याने काय साधते याचा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये जो आढावा घेतला, त्यात सरसकट सर्व रुग्णांना लाभ झाल्याचे ठोसपणे दिसले नाही. ज्यांची प्रगती अपेक्षेप्रमाणे होत नव्हती, त्यांच्या बाबतीत मात्र उपयोगाची चिन्हे दिसली. याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. ज्याचे नीट चालले आहे त्याच्यासाठी हा कागद फारसे काही करत नाही; ज्याचे अडले आहे तो वेळेवर आपल्या नजरेस यावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो.

पहिली पायरी: एकच साधन निवडावे

नव्याने सुरुवात करणारे बहुधा चार-पाच प्रश्नावल्या एकदम घेतात, क्लायंट पहिल्याच दिवशी कंटाळतो आणि महिन्याभरात सारे बंद पडते. एका साधनाने सुरुवात करावी.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या सर्वांत सहज मिळणाऱ्या आहेत. त्यांच्या वापरासाठी परवानगी किंवा शुल्क लागत नाही आणि पीएचक्यू-९ची मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे. दोन्हींमध्ये मागील दोन आठवड्यांविषयी विचारलेले असते आणि प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात. पीएचक्यू-९ची बेरीज २७ पर्यंत जाते. ५, १०, १५ आणि २० हे अनुक्रमे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्याचे उंबरठे मानले जातात. जीएडी-७ची बेरीज २१ पर्यंत जाते आणि तिचे उंबरठे ५, १० व १५ आहेत. या प्रश्नावल्या लक्षणे मोजतात. त्यांचा कालावधी दोन आठवड्यांचा असल्यामुळे दर आठवड्याला त्या भरून घेतल्यास उत्तरे एकमेकांवर चढतात. दोन किंवा तीन आठवड्यांनी भरून घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

क्लायंट नवऱ्याशी होणाऱ्या भांडणांसाठी आला आहे, वडिलांच्या मृत्यूनंतर सावरू पाहतो आहे किंवा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचा चौथा प्रयत्न करताना आपले नक्की काय चालले आहे हेच त्याला कळेनासे झाले आहे, अशा वेळी केवळ लक्षणे मोजून भागत नाही. तेथे स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन यांनी विकसित केलेली दोन छोटी पत्रके उपयोगी पडतात. त्यांपैकी पहिल्याचे नाव आउटकम रेटिंग स्केल. त्यावर १० सेंटिमीटरच्या चार आडव्या रेषा असतात: स्वतःची स्थिती, जवळची नाती, काम-शिक्षण-मैत्री आणि एकंदर. मागच्या आठवड्याचा विचार करून क्लायंट प्रत्येक रेषेवर खूण करतो. डावीकडे वाईट, उजवीकडे चांगले. दुसऱ्याचे नाव सेशन रेटिंग स्केल. तेही चार रेषांचे, पण ते सेशनविषयी असते आणि सेशनच्या अखेरीस भरले जाते. पहिल्याचे लघुरूप ओआरएस असे होते, आणि ओआरएस म्हटले की आपल्याकडे जुलाबावरची पुडी आठवते. म्हणून क्लायंटशी बोलताना मी त्यांना ‘आठवड्याचा कागद’ आणि ‘सेशनचा कागद’ असेच म्हणते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यक्तीला ही पत्रके नोंदणी करून विनाशुल्क वापरता येतात. संस्थेसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो.

लॅम्बर्ट आणि गॅरी बर्लिंगेम यांची ४५ प्रश्नांची ओक्यू-४५ ही प्रश्नावलीही प्रसिद्ध आहे, पण तिला परवाना लागतो आणि वेळही अधिक जातो. ज्या रुग्णालयात क्लायंट सेशनआधी अर्धा तास बसून असतो तेथे तिचा विचार करावा. पुढील विवेचन मी मुख्यतः चार रेषांच्या पत्रकांना धरून करते, कारण नवख्या व्यक्तीच्या हातून तीच टिकण्याची शक्यता जास्त आहे.

दुसरी पायरी: कागद तयार करणे

हे काम क्षुल्लक वाटते. मी सुरुवातीला एक प्रत घेऊन तिच्या पन्नास झेरॉक्स काढून आणल्या आणि जवळजवळ तीन महिने वापरल्या. एके दिवशी सहज पट्टी लावली तेव्हा रेषा ९.४ सेंटिमीटरची निघाली. झेरॉक्स काढताना कागदाच्या आकारात बसवण्यासाठी मजकूर किंचित लहान झाला होता आणि माझ्या सर्व क्लायंटांची बेरीज ४० ऐवजी ३७.६ च्या आतच अडकून पडली होती. तेव्हापासून प्रत्येक नव्या गठ्ठ्यातला वरचा कागद मी मोजून पाहते.

भाषेची तयारी त्याहून महत्त्वाची आहे. ‘सामाजिक’ हा शब्द मराठीत समाजकार्याकडे झुकलेला आहे; ‘सामाजिकदृष्ट्या तुमचे कसे चालले आहे?’ असे विचारल्यावर एका गृहस्थांनी ‘समाजासाठी मी फारसं काही करत नाही’ असे म्हणून डावीकडे खूण करावी, असे सहज घडू शकते. तेथे ‘नोकरी, कॉलेज, मित्रमंडळी, शेजारपाजार’ असे तोंडाने सांगावे. मावळ-मुळशीकडून येणाऱ्या किंवा शाळेत फार शिकता न आलेल्या क्लायंटला ‘अस्वस्थता’ हा शब्द परका वाटतो, पण ‘जीव लागत नाही’, ‘करमत नाही’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड होतं’ हे तो नेमकेपणाने सांगतो. ज्याला वाचता येत नाही त्याला प्रश्न वाचून दाखवून ० ते १० मधला आकडा विचारावा. एक पथ्य मात्र पाळावे: समजावून सांगताना कितीही घरगुती शब्द वापरले तरी चालतात, पण स्वतःच्या हाताने केलेला अनुवाद छापून त्याला मूळ प्रश्नावलीचे नाव देऊ नये. प्रश्नाचे शब्द बदलले की आकड्यांचा अर्थही बदलतो, आणि मग मूळ उंबरठे लावण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.

वय १३ पासून पुढे हेच पत्रक चालते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी हसरे-रडवे चेहरे असलेली वेगळी आवृत्ती आहे.

तिसरी पायरी: पहिल्या सेशनमध्ये ओळख करून देणे

कागद कसा पुढे केला जातो यावर पुढचे बरेच काही ठरते. बाहेर बसलेल्या मदतनीस ताईंनी पेन आणि फॉर्म हातात दिला, तर क्लायंट तो बँकेच्या फॉर्मसारखा भरतो. शेजारी आई किंवा सासूबाई बसलेल्या असतील, तर त्यांच्यासाठी भरतो. म्हणून कागद खोलीच्या आत, दार लावून, आपण स्वतः द्यावा.

मी साधारणपणे असे म्हणते: ‘दर वेळी सुरुवातीला तुम्ही हा कागद भराल, एक मिनिट लागेल. तुमचा मागचा आठवडा कसा गेला हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. या खुणांवरून आपल्याला दोघांना दिसेल की इथे येण्याचा तुम्हाला उपयोग होतोय की नाही. होत नसेल तर आपण काहीतरी बदलू, आणि बदलूनही झालं नाही तर दुसऱ्या योग्य व्यक्तीकडे तुम्हाला पाठवायची जबाबदारी माझी.’ शेवटचे वाक्य नवोदितांना जड जाते, कारण क्लायंट हातचा जाईल अशी धास्ती वाटते. माझा अनुभव उलट आहे. उपयोग होत नसेल तर ते मान्य करू असे सांगणारी व्यक्ती क्लायंटला प्रामाणिक वाटते.

यापुढचा नियम असा की नव्या प्रत्येक क्लायंटबरोबर हे करावे. ‘यांना चालेल, त्यांना चालणार नाही’ अशी निवड करायला लागलो की ज्यांच्याकडून नकोसे उत्तर येईल असे वाटते तेच नकळत वगळले जातात. जुन्या क्लायंटबरोबर मध्येच सुरुवात करायची असेल तर ‘मी एक नवीन गोष्ट शिकते आहे, तुमची मदत हवी’ असे सरळ सांगावे.

चौथी पायरी: मोजणे आणि आलेख काढणे

खुणा झाल्या की तेथेच पट्टीने प्रत्येक रेषेचे अंतर डावीकडून मोजावे, चारही अंकांची बेरीज करावी आणि क्लायंटसमोर आलेख कागदावर ठिपका द्यावा. उभ्या अक्षावर ० ते ४०, आडव्या अक्षावर सेशनचा क्रमांक, आणि २५ वर एक आडवी तुटक रेषा. प्रौढांसाठी २५ हा उंबरठा मानतात (किशोरवयीनांसाठी २८): त्याखालची बेरीज सामान्यतः उपचारासाठी येणाऱ्यांची असते, वरची न येणाऱ्यांची. हे आकडे परदेशातील नमुन्यांवरून आले आहेत, म्हणून पुण्यातल्या माणसाला ते लावताना २४ आणि २६ मध्ये फार मोठा फरक मानू नये.

दोन ठिपक्यांमधील फरक केव्हा खरा मानायचा, हा पुढचा प्रश्न. मंडईतल्या तराजूवर एकच पिशवी दोनदा ठेवली तर पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतातच. तसे मनाच्या मोजमापातही होते. नील जेकबसन आणि पॉला ट्रुअॅक्स यांनी १९९१ मध्ये ‘विश्वासार्ह बदला’ची कल्पना मांडली, ती यासाठीच: साधनाच्या अंगभूत चढउतारापेक्षा मोठा असेल तोच बदल धरायचा. या पत्रकासाठी तो ५ गुण, पीएचक्यू-९साठीही सुमारे ५, ओक्यू-४५साठी १४ गुण. बेरीज १८ वरून २० वर गेली म्हणून पेढे वाटू नयेत आणि २० वरून १८ वर आली म्हणून रात्रीची झोपही घालवू नये.

ठिपक्याशेजारी दोन शब्दांत त्या आठवड्याची नोंद करावी. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की आसपास राहणाऱ्यांची झोप आणि त्याबरोबर पहिली रेषा घसरते. एमपीएससीचा निकाल लागला की तिसरी. सहा महिन्यांनी आलेख पाहताना त्या खड्ड्याचे कारण उपचारात शोधत बसण्यापेक्षा ‘पूर्वपरीक्षा निकाल’ एवढी नोंद पुरेशी असते.

पाचवी पायरी: आकड्याविषयी बोलणे

कागद भरून घेऊन फाईलमध्ये ठेवणे ही या कामातली सर्वांत प्रचलित चूक आहे. चार-पाच आठवडे कोणी काही विचारले नाही की क्लायंट हात जाईल तशा खुणा करू लागतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

समजा, हिंजवडीत नोकरी करणारी आणि सिंहगड रोडवर एकत्र कुटुंबात राहणारी ३४ वर्षांची एक क्लायंट आहे. तिची पहिली बेरीज १७ आली. चारही रेषा साधारण मध्याच्या डावीकडे. तीन सेशननंतर ती २१.५ वर गेली. पाचव्या सेशनला बेरीज १९.५ आली. नुसती बेरीज पाहिली तर ‘थोडे मागे गेलो’ एवढेच दिसते. रेषा वेगवेगळ्या पाहिल्या तर पहिली, म्हणजे स्वतःच्या स्थितीची, ४ वरून ६.५ पर्यंत आलेली आहे आणि दुसरी, जवळच्या नात्यांची, ५ वरून २ वर कोसळलेली आहे. विचारल्यावर ती सांगते की रविवारचा सगळा स्वयंपाक मी एकटी करणार नाही असे तिने घरात प्रथमच सांगितले, आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. ‘नाही’ म्हणायला आपणच तिला बळ दिले. त्याची किंमत ती घरी मोजते आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवशीचे सेशन अबोला कसा निभवायचा आणि नवऱ्याला यात कसे सामील करून घ्यायचे यावर व्हायला हवे. आपण ठरवून ठेवलेला पुढचा धडा थांबू शकतो.

म्हणून विचारताना बेरीज सांगून थांबू नये. रेषेवर बोट ठेवून ‘ही खूण इथे का आली? दोन आठवड्यांपूर्वी ती इथे होती’ असे विचारावे. क्लायंट तोंडाने भयंकर आठवड्याचे वर्णन करत असेल आणि खूण मात्र उजवीकडे असेल, तर तेही बोलून दाखवावे: ‘तुम्ही जे सांगताय ते ऐकून मला वाटलं होतं की खूण इकडे असेल.’ अनेकदा असे निघते की क्लायंटने फक्त आजचा दिवस धरला होता, आठवडा नाही.

पहिल्याच दिवशी बेरीज ३४ आली तर दचकू नये. असा क्लायंट बहुधा स्वतःहून आलेला नसतो. आईने आणलेला मुलगा, बायकोच्या हट्टापायी आलेला नवरा, कॉलेजने पाठवलेली विद्यार्थिनी. त्याच्याशी वाद घालून त्याला दुःखी ठरवण्यापेक्षा विचारावे, ‘आईने तुझ्या वतीने हा कागद भरला असता तर तिने कुठे खुणा केल्या असत्या?’ मुलगा क्षणात १२ च्या आसपास खुणा करतो, आणि त्या दोन कागदांमधले अंतर हाच बोलण्याचा विषय होतो.

सहावी पायरी: सेशनचा कागद

सर्व पायऱ्यांमध्ये ही सर्वांत अवघड आहे, आणि मिसळीचा रस्सा आज पातळ झाला आहे हे मालकाला पैसे देण्याआधी ऐकवणाऱ्या या शहरात ती अवघड असावी याचे मला अजून नवल वाटते. तोच माणूस डॉक्टर, सर किंवा मॅडम म्हणवणाऱ्या व्यक्तीसमोर बसला की चारही रेषांवर अगदी उजव्या टोकाला खुणा करतो आणि कागद परत देतो. ४० पैकी ३९, आठवड्यामागून आठवडे.

या कागदावर चार गोष्टी विचारलेल्या असतात: माझे ऐकले आणि समजून घेतले गेले का, मला ज्याविषयी बोलायचे होते त्यावर बोलणे झाले का, काम करण्याची पद्धत मला मानवते का, आणि एकंदर सेशन कसे झाले. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारसंबंधाचे जे तीन घटक सांगितले, म्हणजे परस्परांतला बंध, उद्दिष्टांवरचे एकमत आणि कामांवरचे एकमत, त्यांच्याशी हे जुळते. ४० पैकी ३६ किंवा त्याखाली बेरीज आली तर विचारपूस करावी असा संकेत आहे. इतका वरचा उंबरठा ठेवण्याचे कारण हेच की जगभर लोक थेरपिस्टला भरभरून गुण देतात. पुणेकर त्याला अपवाद नाहीत.

मग ३९ च्या मागे काय आहे हे कसे कळावे? मला तीन गोष्टींचा उपयोग झाला. एक, सेशनची शेवटची पाच मिनिटे यासाठी खरोखर राखून ठेवणे. दारात उभे राहून भरलेल्या कागदाला काही अर्थ नसतो. दोन, ‘काही चुकलं का?’ असे न विचारता ‘आजच्या तासात एखादी गोष्ट थोडी वेगळी झाली असती तर जास्त उपयोगाची ठरली असती, ती कोणती?’ असे विचारणे. पहिल्या प्रश्नाला ‘छे, छे’ एवढेच उत्तर येते, कारण त्यात आपल्यावर दोष ठेवायला सांगितलेले असते. तीन, पहिल्यांदा कमी गुण मिळतील तेव्हा मनापासून आभार मानणे आणि लगेच स्पष्टीकरण न देणे. स्पष्टीकरण दिले की पुढच्या आठवड्यात पुन्हा ३९.

वरच्याच क्लायंटचे उदाहरण पुढे नेऊ. सहा सेशन तिचा सेशनचा कागद ३९ च्या आसपास होता. सातव्याला बेरीज ३५.५ आली आणि कमी झालेली रेषा ‘पद्धत’ ही होती. विचारल्यावर आधी ‘काही नाही मॅडम, चुकून झालं असेल’, मग थोड्या शांततेनंतर खरे कारण आले. मनात येणारे विचार रोज वहीत लिहून आणायला तिला सांगितलेले होते. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहतात. वही कोठेही ठेवली तरी कोणीतरी वाचणार. म्हणून ती सेशनच्या आदल्या रात्री, कोणी वाचले तरी चालेल अशा बेताने, रचून लिहून आणत होती. म्हणजे सहा आठवडे आपण ज्या नोंदींवर बारकाईने काम करत होतो त्या नोंदी मुळात तिच्या नव्हत्याच. त्यानंतर वही बंद झाली; कंपनीच्या बसमध्ये परतताना फोनवर कुलूपबंद नोंद करायची असे ठरले. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ही माहिती आपल्यापर्यंत पोहोचली असती का, याबद्दल मला शंका आहे.

धोक्याचे प्रश्न

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरून जावे किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांविषयी आहे. तेथे ० सोडून कोणतेही उत्तर आले तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी त्याच सेशनमध्ये, थेट शब्दांत त्याविषयी विचारावे: विचार किती वेळा येतो, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, घरात कोणाला माहीत आहे. तसे विचारल्याने विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. चार रेषांच्या कागदावर असा प्रश्नच नसतो, म्हणून तो वापरणाऱ्याने हे तोंडी विचारण्याची सवय ठेवावी.

यातूनच एक निर्बंध येतो. ही प्रश्नावली गूगल फॉर्म किंवा व्हॉट्सअॅपवरून पाठवू नये, जोपर्यंत उत्तर आल्याबरोबर ते पाहणारी व्यक्ती ठरलेली नाही. शुक्रवारी रात्री अकरा वाजता नवव्या प्रश्नाला ३ गुण देणाऱ्या माणसाचा फॉर्म आपण सोमवारी सकाळी उघडला, हे समर्थनीय नाही. प्रत्येक क्लायंटला पहिल्याच दिवशी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. आपल्या परिचयाच्या मनोविकारतज्ज्ञाचा आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा क्रमांक आपल्या टेबलावर असावा.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांविषयीची माहिती गुप्त राहणे हा व्यक्तीचा हक्क आहे, आणि हे कागद त्या माहितीचाच भाग आहेत. कागदावर नाव न लिहिता क्रमांक लिहावा, यादी वेगळ्या कुलपात ठेवावी, आलेखाचा फोटो फोनमध्ये ठेवू नये. आपले शहर कितीही वाढले तरी पेठांमध्ये आणि मोठ्या सोसायट्यांमध्ये कोणाचे तरी कोणीतरी ओळखीचे निघतेच. टेबलावर उघडा पडलेला कागद मदतनीसाच्या नजरेस पडला तरी तो गळतीचाच प्रकार आहे. पालक किंवा जोडीदार ‘त्याचा स्कोअर किती आला?’ असे फोनवर विचारतात, तेव्हा काय सांगायचे हे क्लायंटशी आधीच ठरवलेले असावे.

ठिपके वर जात नाहीत तेव्हा

ज्यांना उपचाराचा लाभ होतो त्यांच्यापैकी अनेकांच्या आलेखात पहिल्या काही सेशनमध्येच हालचाल दिसू लागते. म्हणून चौथ्या-पाचव्या सेशनपर्यंत काहीच बदल नसेल, किंवा बेरीज ५ किंवा त्याहून अधिक गुणांनी घसरली असेल, तर ‘अजून थोडे थांबू’ म्हणण्याआधी काही गोष्टी क्रमाने तपासाव्यात. प्रथम आपला आणि क्लायंटचा संबंध: आपण ज्या उद्दिष्टावर काम करतो आहोत ते त्याचे आहे की त्याच्या आईवडिलांचे? मग त्याची बदलाची तयारी. मग आधार: सेशनबाहेर त्याच्याशी बोलणारे कोणी आहे का? कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा नसते. मग आयुष्यातल्या घडामोडी, आणि शेवटी शरीर व औषधे. सतत थकवा आणि उदासी असलेल्या व्यक्तीची थायरॉईडची तपासणी झालेली नसेल, तर आपण तिच्याशी महिनोन्महिने विचारांवर चर्चा करत राहणे योग्य नाही. तिला डॉक्टरांकडे पाठवावे. लॅम्बर्ट यांच्या गटाने अडलेल्या उपचारांसाठी जी मदतीची साधने तयार केली, त्यांत संबंध, प्रेरणा, आधार आणि घडामोडी यांचाच विचार केलेला आहे.

त्यानंतर बदल करावा आणि तो आलेखावर बाणाने दाखवावा: ‘येथून दर आठवड्याला भेट’, ‘येथून नवरा सोबत’, ‘येथून पद्धत बदलली’. आणखी तीन-चार सेशननंतरही रेषा सपाट असेल, तर आलेख क्लायंटसमोर ठेवून दुसऱ्या थेरपिस्टचा किंवा मनोविकारतज्ज्ञाचा पर्याय मांडावा. पहिल्या दिवशी दिलेले वचन येथे पाळायचे असते. रेषा वर जाऊन तीन-चार सेशन एका उंचीवर स्थिरावली असेल, तर त्याच आलेखावर बोट ठेवून भेटींमधले अंतर वाढवण्याची आणि उपचार संपवण्याची चर्चा सुरू करावी. ती क्लायंटने काढावी याची वाट पाहू नये, कारण मॅडमना सोडून जाणे त्याला उद्धटपणाचे वाटू शकते.

सुपरव्हिजनला आलेख नेणे

आपण सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या कामाची चर्चा करायला, बहुधा रंजक केस घेऊन जातो, किंवा जिच्याविषयी आपल्याला चांगले बोलता येईल अशी. आलेख ठेवू लागल्यावर निवड आपल्या हातात ठेवू नये. महिन्याच्या शेवटी सर्व क्लायंटांचे कागद टेबलावर पसरावेत आणि सर्वांत सपाट किंवा उतरत्या रेषेचे दोन बाजूला काढावेत. सुपरव्हिजनला तेच जातील. माझ्या पहिल्या वर्षी असे बाजूला निघालेले दोन्ही कागद ज्या क्लायंटांचे होते, त्यांच्याविषयी मला कोणी विचारले असते तर ‘बरं चाललंय’ असेच मी सांगितले असते.